वरून ऊन, खालून मीठ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णेच्या बंदरात लिलावाची वेळ झाली की वाळूवर एकच गर्दी होते. खोल पाण्यात नांगरलेल्या होड्यांवरची मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून काठाला येते आणि ती उचलायला टेम्पो, पिकअप, रिक्षा उभ्या असतात. त्यांतल्या दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या कुठल्याही गाडीकडे पाच मिनिटे नीट पाहावे. केबिनचा टप आणि बॉनेट खडू घासल्यासारखे पांढुरके पडलेले असतात. दारांचा रंग मात्र बराचसा जागेवर असतो. नजर आणखी खाली नेली की दाराच्या खालच्या कडेशी, चाकावरच्या कमानीत, फाळक्याच्या बिजागरीपाशी निराळेच दृश्य दिसते. तिथे रंग फिका झालेला नसतो. तो फुगून वर आलेला असतो आणि फोडाखाली पत्रा तांबडा होऊन सुटत असतो. या सगळ्याला गावात एकच कारण सांगितले जाते: ‘खाऱ्या वाऱ्याने रंग खाल्ला.’ हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते महागात पडते. टपाला झालेला आजार आणि दाराच्या कडेला झालेला आजार हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला उन्हाचा, दुसरा मिठाचा. पहिल्याने गाडी जुनी दिसते, दुसऱ्याने ती भंगारात जाते. गाडीवाला मात्र खर्च करतो तो बहुधा पहिल्यावर, कारण तो समोरून दिसतो.

हा फरक समजायचा तर आधी रंग म्हणजे काय ते पाहावे लागेल. डब्यातल्या रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंगद्रव्याची अतिबारीक पूड, त्या पुडीला धरून ठेवणारी राळ आणि दोन्हींना पातळ करणारे थिनर. थिनर उडून जाते. पत्र्यावर उरते ती राळ आणि तिच्यात रुतलेली पूड. आपल्याला जो लाल, निळा, पांढरा दिसतो तो पुडीमुळे. जी चकाकी दिसते ती राळेच्या गुळगुळीत पृष्ठभागामुळे. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक प्रक्रिया आणि प्रायमर होतो, मग रंग, आणि आजच्या बहुतेक गाड्यांवर त्याच्याही वर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला पेंटर ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ म्हणतात. हे सगळे मिळून जाडी भरते साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. समुद्रकाठच्या हवेत पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याचे रक्षण करण्याचे सारे काम या दोन केसांच्या जाडीवर सोपवलेले असते.

हा थर नेहमीच असा नव्हता. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात वॉर्निशचे हात ब्रशने द्यावे लागत आणि सगळे वाळायला आठवडे जात. 1923–24 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा, फवाऱ्याने मारायचा आणि झटपट वाळणारा ‘ड्युको’ रंग बाजारात आणला. हे नाव आपल्याकडे इतके मुरले की जुने पेंटर आणि फर्निचरवाले आजही फवाऱ्याच्या चकचकीत रंगाला ‘ड्युको’ म्हणतात. त्यानंतर अल्किड इनॅमल आले. त्याच्या राळेत जवसासारख्या वाळणाऱ्या तेलांचा अंश असतो आणि ती घट्ट होते ती हवेतला ऑक्सिजन शोषून. या एका गोष्टीत पुढची सगळी कहाणी आहे. ज्या ऑक्सिजनमुळे रंग वाळून कडक होतो, तोच ऑक्सिजन पुढे वर्षानुवर्षे आपले काम चालू ठेवतो आणि राळेला ठिसूळ करून सोडतो. रंगाचे ऑक्सिडेशन ही बाहेरून आलेली आपत्ती नाही. रंग वाळायला लागतो त्या दिवसापासून ते सुरू असते. प्रश्न असतो तो फक्त वेगाचा, आणि तो वेग ठरवते ऊन.

हर्णे साधारण 17.8 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा 11 मेच्या आसपास आणि एकदा ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला. ऑगस्टमधला सूर्य बहुधा ढगांमागे असतो. मे महिन्यातला मात्र निरभ्र आकाशातून सरळ टपावर उतरतो. सूर्यप्रकाशाचा जो भाग डोळ्यांना दिसत नाही, पण ज्याच्या कणांत जास्त ऊर्जा असते, तो अतिनील प्रकाश राळेतल्या अणूंचे बंध तोडतो. तुटलेली टोके स्वस्थ बसत नाहीत. ती ऑक्सिजनशी जुळतात, त्यातून नवी अस्थिर संयुगे बनतात आणि ती शेजारचे बंध तोडतात. अशी साखळी एकदा चालू झाली की वरची राळ झिजत जाते आणि तिने धरलेली पूड उघडी पडते. पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड तर प्रकाश आणि ओलावा मिळाला की स्वतःच या मोडतोडीला हातभार लावते. म्हणून चांगल्या प्रतीच्या रंगात त्याच्या कणांवर ॲल्युमिना किंवा सिलिकाचे वेष्टन चढवलेले असते. अशा जुन्या बॉनेटवर बोट फिरवले की बोटाला पिठासारखी भुकटी लागते. ती धूळ नव्हे, राळ गमावलेला रंग असतो. उन्हात तापलेल्या बॉनेटवर हात ठेववत नाही, इतकी उष्णता तिथे साठते आणि ती या क्रियेला आणखी घाई करते. दार उभे असते. डोक्यावरच्या सूर्याचे किरण त्याच्यावरून तिरके घसरतात. टप आणि बॉनेट आडवे असतात. सगळे ऊन त्यांच्याच वाट्याला येते.

पण भुकटी झाली म्हणजे रंग गेला असे मात्र नाही. याची खात्री एका तांब्याभर पाण्याने होते. अशा पांढुरक्या बॉनेटवर पाणी ओतावे. ज्या जागेवरून ते वाहते तिथे जुना गडद रंग क्षणात वर येतो आणि पाणी वाळत जाईल तसा पुन्हा पांढुरकेपणाखाली दडतो. पाण्याने रंग आणला नाही. तो तिथे होताच. राळेचा वरचा पापुद्रा खडबडीत झाला की त्यावर पडणारा प्रकाश सरळ परत न येता सगळीकडे विखुरतो, आणि त्या विखुरलेल्या पांढऱ्या उजेडात खालचा रंग धुवून निघाल्यासारखा दिसतो. पाणी त्या सूक्ष्म खड्ड्यांत भरते. प्रकाश वाकवण्याच्या गुणात पाणी हवेपेक्षा राळेच्या जवळचे, त्यामुळे विखुरणे कमी होते आणि रंग पुन्हा दिसतो. ओली जांभ्याची भिंत कोरडीपेक्षा गडद का दिसते, त्याचेही कारण हेच. तेव्हा अशा गाडीचा मालक ‘रंग उडाला’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा झालेले असते एवढेच, की वरचा पापुद्रा मेलेला असतो आणि खालचा रंग जिवंत असतो. नव्या रंगकामाचा खर्च करण्याआधी हा तांब्याभर पाण्याचा प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा.

रंग खरोखरच उडतो अशीही उदाहरणे आहेत, आणि ती ओळखता आली पाहिजेत. सगळ्यांत ठळक उदाहरण लाल रंगाचे. लाल दिसणारी वस्तू प्रकाशातला निळा-हिरवा, जास्त ऊर्जेचा भाग शोषते आणि लाल परत पाठवते. जुन्या लाल रंगांतली बरीचशी रंगद्रव्ये सेंद्रिय असत. शोषलेल्या ऊर्जेने त्यांचे रेणूच मोडत जातात आणि लाल गाडी हळूहळू फिकट गुलाबीकडे किंवा नारिंगीकडे झुकते. तिच्यावर पाणी ओतले तरी मूळ लाल परतत नाही. तांब्याच्या संयुगापासून बनणारी थॅलोसायनिन निळी आणि हिरवी रंगद्रव्ये उन्हाला फार चांगली टिकतात. काळ्या रंगातला कार्बन अतिनील प्रकाश स्वतःच शोषून राळेला उलट थोडे वाचवतो, पण गाडी तापते जास्त. आणि लाल रंग टिकूच शकत नाही असेही नाही. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांकडे पाहावे. कित्येक पिढ्या ऊन-पाऊस खाऊन तो दगड तांबडाच राहतो, कारण त्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा आहे, म्हणजे आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेल्या पदार्थाचा. गेरूही त्याच घरातला. ज्याचे व्हायचे ते होऊन गेले आहे, त्याचे ऊन आणखी काय बिघडवणार?

आता मूळ प्रश्नाकडे. यात खाऱ्या वाऱ्याचा वाटा किती? वारा टपाला लागतो तसा दारालाही लागतो. खारेपणाने रंग फिका होत असता तर दोन्ही सारखेच फिके पडायला हवे होते, पडत नाहीत. जुन्या गाडीवरचे स्टिकर किंवा नावाची पट्टी काढली तर तिच्याखालचा रंग गडद निघतो आणि तिच्या कडेने उन्हाची सीमा आखल्यासारखी दिसते. सोलापुरात किंवा मराठवाड्यात समुद्र नाही, तरी तिथल्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टप असेच पांढरे पडतात, मात्र त्यांच्या दाराच्या कडा हर्णेतल्या गाड्यांसारख्या सडत नाहीत. रंग बनवणारा उद्योगही हे दोन आजार वेगळे धरतो. ऊन-पावसाची परीक्षा घेण्यासाठी रंगवलेले पत्रे अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडाच्या दमट उन्हात आणि ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात महिनोन्महिने मांडून ठेवतात. मिठाची परीक्षा निराळी असते. बंद पेटीत 35 अंश तापमानाला 5 टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सोडतात, आणि ही पद्धत 1939 पासून प्रमाणित आहे. त्या पेटीत सूर्यप्रकाश नसतो. पत्र्यावरच्या रंगाला मुद्दाम धातूपर्यंत एक चीर पाडतात आणि त्या चिरेपासून गंज रंगाखाली किती पसरला ते मोजतात. यातून दोन गोष्टी कळतात: गंजाला उजेड लागत नाही आणि त्याला आत शिरायला वाट लागते. एकाला ऊन हवे, दुसऱ्याला ओल आणि चीर. ऑक्सिजन दोन्हींत आहे, पण त्याचे सोबती वेगळे आहेत.

यावर कोणी म्हणेल की म्हणजे मीठ निर्दोष ठरले. तसे मुळीच नाही, आणि हर्णेसारख्या गावी तसे म्हणणे धोक्याचे ठरेल. समुद्राच्या हवेतून येणाऱ्या मिठात नुसते खायचे मीठ नसते, मॅग्नेशियम क्लोराइडही असते. खायचे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढून ओले होते. मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्के पुरतात. किनाऱ्यावरची हवा याहून कोरडी क्वचितच होते. म्हणजे गाडी वरून कोरडी दिसली तरी मिठाचा बारीक थर बसलेल्या सांध्यांत आणि खाचांत एक अदृश्य ओल कायम असते. वीज वाहून नेऊ शकणारी ही खारट ओल म्हणजेच गंजाचे इंधन. शिवाय दर सकाळी कोरडे फडके मारून गाडी चमकवायची सवय इथे चुकीची ठरते. फडक्याखाली मीठ आणि रेतीचे कण रंगावर ओढले जातात, बारीक ओरखडे पडतात, आणि चीर पाडण्याचे काम आपणच करून देतो. उन्हाने ठिसूळ केलेला थर अशा चिरांना लवकर बळी पडतो. दोन आजार वेगळे असले तरी इथे ते हातमिळवणी करतात. म्हणून ऊन टाळणे हेही शेवटी गंज टाळण्याचेच एक साधन आहे. उपायांचा क्रम मात्र त्यातून ठरत नाही. तो ठरतो कुठला आजार अधिक लवकर जीवघेणा होतो यावरून.

तो हिशेब मांडता येतो. हवेच्या गंजकारकतेची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे, तिच्यात खारट किनारपट्ट्यांसाठी असलेल्या तीव्र वर्गात उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षी 80 ते 200 मायक्रॉन झिजते असे धरतात. मोटारीचा पत्रा साधारण 700 ते 800 मायक्रॉनचा. म्हणजे संरक्षण संपलेला पत्रा काही वर्षांतच आरपार होऊ शकतो. चिखल आणि ओल साचलेल्या खाचेत, जिथे तो कधी वाळतच नाही, हे आणखी आधी घडते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते, म्हणून रंगाला फोड येतो. फोड दिसतो तेव्हा खालचे काम बरेच पुढे गेलेले असते. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो टपावरचे, बॉनेटवरचे मीठ धुऊन नेतो. चाकावरच्या कमानीची आतली बाजू, फुटबोर्डची पोकळी, चॅसीचे कोपरे यांना तो शिवत नाही. तिथे उलट चिखल बसतो आणि मिठाला धरून ठेवतो. मासळी वाहणाऱ्या टेम्पोत तर बर्फाचे खारट पाणी हौद्यातून झिरपत रोज याच जागांवर टपकत असते. आणि हौसेने किनाऱ्यावर लाटांत गाडी घालणारे पर्यटक एका संध्याकाळी जेवढे मीठ तळाला चिकटवून घेतात, तेवढे वाऱ्याने यायला कितीतरी दिवस लागतील.

मग फिक्या रंगाचे करायचे काय? आधी ओळख. पांढऱ्या ओल्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन गाडीचा एखादा लपलेला कोपरा हलकेच घासावा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही. राळ आणि पूड एकाच थरात आहेत. जुन्या जीप, स्कूटर, टेम्पो, 1980–90 च्या दशकांतल्या साध्या रंगांच्या कित्येक गाड्या अशा आहेत. त्यांचा मेलेला पापुद्रा रबिंग कंपाउंडने काढता येतो आणि खालचा जिवंत रंग वर येतो. फक्त कडांवर आणि उंचवट्यांवर थर मुळातच पातळ असतो, तिथे हात हलका ठेवावा. फडक्याला रंग लागला नाही तर वर क्लिअर आहे. तो नुसता मंद झाला असेल तर पॉलिशने उजळतो, पण त्याची सगळी जाडी 40–50 मायक्रॉन, आणि अतिनील प्रकाश शोषणारी द्रव्ये त्याच्याच पोटात असतात. दरवेळी घासताना आपण चकाकीबरोबर थोडे कवचही काढून टाकतो. दरवर्षी रबिंग करून गाडी ‘नवी’ ठेवणारा माणूस तिचे आयुष्य घटवत असतो. आणि क्लिअरचे पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे सुटू लागले असतील तर कुठलेही पॉलिश त्याला जोडू शकत नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवणे एवढाच मार्ग राहतो. जुन्या गाडीचा साधा रंग लवकर मंदावत असे, पण परत आणता येई. नव्या गाडीची चकाकी जास्त वर्षे टिकते, पण एकदा सुटली की परतीची वाट नाही. ‘पूर्वीचे रंग चांगले होते’ या तक्रारीत तथ्य आहे ते एवढेच.

घरगुती उपायांचाही विचार न्यायाने करायला हवा. खोबरेल तेलाचे फडके फिरवले की फिका रंग गडद दिसतो हे खरे आहे. कारण तेच तांब्याभर पाण्याचे: तेल खड्डे भरते. पाण्यापेक्षा ते जास्त टिकते, पण रेती आणि मीठ धरूनही ठेवते. रॉकेल किंवा डिझेल मळ काढते, त्याचबरोबर आधीचे वॅक्स काढून टाकते आणि जुन्या इनॅमलला मऊ करते. वॅक्स मात्र उपयोगी आहे. ते ऊन फारसे अडवत नाही, पण पाणी आणि मीठ टिकू देत नाही, आणि रंगाच्या आधी स्वतः झिजते. समुद्रकाठी ते दर काही महिन्यांनी पुन्हा द्यावे लागते. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळणे हा उपाय एका आजारावर औषध देऊन दुसरा वाढवतो. ऊन अडते, पण आतली ओल कोंडते आणि वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री रंग घासते. त्यापेक्षा चारही बाजूंनी वारा खेळणारा झावळ्यांचा मांडव चांगला. झाडाची सावली फुकट असली तरी पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंगाला डागतात, ते त्याच दिवशी धुवावे लागते.

सगळ्यांत मोठा आक्षेप व्यवहाराचा आहे. पंधरा वर्षांच्या गाडीच्या रंगाची एवढी चिकित्सा कशाला, सरळ पुन्हा रंगवून घ्यावी. पण पुनर्रंगकाम म्हणून बहुतेक ठिकाणी जे होते ते पाहिले की या सल्ल्यातला धोका दिसतो. फोडावर काच पेपर मारतात, खळग्यात पुट्टी भरतात आणि वरून फवारा देतात. गंजात अडकलेले मीठ तिथेच राहते. पुट्टी सच्छिद्र असते. ती ओल पिते आणि आतून गंजाला पाजत राहते. पुढच्या पावसाळ्यानंतर फोड पुन्हा त्याच जागी येतो, जरा मोठा होऊन. योग्य काम म्हणजे लखलखीत धातू दिसेपर्यंत खरवडणे, गोड्या पाण्याने मीठ धुणे, पूर्ण वाळवणे, गंजरोधक प्रायमर देणे आणि मगच रंग. तळहाताएवढ्या जागेचे असे काम अख्ख्या गाडीच्या वरवरच्या रंगकामापेक्षा स्वस्त पडते आणि कितीतरी जास्त टिकते. खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते. गाडी रस्त्यावर राहण्यास योग्य आहे की नाही हे ठरते ते पत्रा, चॅसी आणि सांधे शाबूत आहेत का यावरून. ज्याचे पोट मासळीच्या टेम्पोवर चालते, त्याच्यासाठी फिका टप हा कमीपणा नाही. सडलेला हौदा मात्र त्याचा धंदा थांबवू शकतो.

हर्णेच्या लोकांना हे सगळे नव्याने शिकण्याची गरज नाही. ते त्यांना होड्यांच्या बाबतीत ठाऊकच आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि शाकारून ठेवतात, म्हणजे झावळ्या, ताडपत्रीखाली, पण हवा खेळेल अशा बेताने झाकतात. पुन्हा दर्यात लोटण्याआधी तळ खरवडला जातो, सांधे तपासले जातात, रंगाचे हात दिले जातात. काठावरच्या देखण्या रंगात वरचे नाव आणि नक्षी असते, पण तळाकडे दुर्लक्ष करून नुसती नक्षी रंगवणारा नाखवा सापडणार नाही, कारण होडी बुडते ती तळातून. त्याच माणसाच्या अंगणातली गाडी मात्र वरून पुसली जाते आणि खालून विसरली जाते. होडीला लावलेली नजर गाडीला लावली तर अर्धे काम झाले. गाडी आठवड्यातून एकदा, आणि वाळूत किंवा लाटांत उतरली असेल तर त्याच संध्याकाळी, गोड्या पाण्याने धुवावी. काठाजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये, कारण त्याने मीठ जाण्याऐवजी वाढते. आणि पाण्याची पहिली बादली बॉनेटवर ओतू नये. वाकून ती चाकावरच्या कमानीत, फुटबोर्डखाली, हौद्याच्या बुडाशी मारावी. टपाचा पांढुरकेपणा पुढच्या रविवारपर्यंत थांबू शकतो.